डक्टमधला कार्बन डायऑक्साइड सेन्सर : जागा, जोडणी आणि पडताळणी

वातानुकूलित सभागृहात किंवा प्रशिक्षण वर्गात तासाभरानं जांभया सुरू होतात, डोकं जड होतं, आणि कुणीतरी उठून एसीचं तापमान आणखी दोन अंशांनी खाली आणतं. हवा थंडच असते, पण ताजी नसते. बाहेरची किती हवा आत येते आहे हे थर्मोस्टॅटवर दिसत नाही, आणि आत बसलेल्यांच्या नाकालाही काही वेळानं कळेनासं होतं. म्हणून एअर हँडलिंग युनिटच्या, म्हणजे एएचयूच्या, डक्टमध्ये कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर बसवून घेण्याकडे संस्थांचा कल वाढला आहे. निर्णय चांगला आहे. मात्र महागडा सेन्सर आणि चुकीची जागा ही जोडी इतक्या ठिकाणी दिसते, की त्यावर सविस्तर लिहायला हवं. चुकीच्या जागी बसलेला सेन्सर बंद पडलेल्या सेन्सरपेक्षा घातक असतो. बंद पडला तर निदान कळतं. चुकीच्या जागचा मात्र दिवसभर समाधानकारक आकडा दाखवत राहतो, आणि त्या आकड्यावर विसंबून आत बसलेल्या माणसांची हवा कमी केली जाते.

इमारतीची देखभाल पाहणारे अभियंते, एसीचं काम करणारे तंत्रज्ञ आणि असं काम करवून घेणारे संस्थाचालक या तिघांनाही उपयोगी पडावं अशा बेतानं हे लिहितो आहे.

आधी आकडा समजून घ्या

मोकळ्या हवेत आज दहा लाख भागांत साधारण ४२० ते ४२५ भाग कार्बन डायऑक्साइड असतो. म्हणजे ४२० ते ४२५ पीपीएम. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू केली तेव्हा हा आकडा ३१५ च्या आसपास होता. हा इतिहास इथे सांगण्याचं कारण व्यवहाराचं आहे : जुन्या कंट्रोलरमध्ये बाहेरच्या हवेसाठी ३५० किंवा ३८० भरून ठेवलेलं असतं, आणि पुढचं सगळं गणित त्यावर चालतं. ते आधी बदलून घ्या.

आपल्या उच्छ्वासात जवळपास चार टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम, कार्बन डायऑक्साइड असतो. बसून काम करणारा प्रौढ माणूस सेकंदाला सुमारे ०.००५ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. समजा १२० खुर्च्यांचं सभागृह आहे, क्षेत्रफळ १८० चौरस मीटर, उंची ४ मीटर. सगळ्या खुर्च्या भरल्या की सेकंदाला ०.६ लिटर वायू या ७२० घनमीटर हवेत मिसळतो. ताजी हवा पूर्ण बंद असेल तर आकडा दर मिनिटाला ५० पीपीएमनं चढतो. वीस मिनिटांत हजाराची भर. तेच सेकंदाला ९०० लिटर ताजी हवा येत असेल, तर आकडा बाहेरच्यापेक्षा सुमारे ६७० नं वर जाऊन, म्हणजे १०९० च्या जवळ, स्थिरावतो. काम सुरू करण्याआधी आपल्या जागेसाठी हे गणित कागदावर मांडून ठेवा. सेन्सर बसल्यावर तो खरं बोलतो आहे की नाही हे ओळखायला पहिला आधार हाच.

१००० पीपीएमची रेषा जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये सुचवली. त्यांनाही हे माहीत होतं की एवढ्या प्रमाणात हा वायू स्वतः विषारी नसतो. माणसांच्या श्वासाबरोबर आणि शरीराबरोबर हवेत जे जे साचतं, त्याची तो खूण आहे. आजही तसंच समजायचं. ९८० म्हणजे निर्धोक आणि १०२० म्हणजे धोका, असा अर्थ काढू नका; दर माणशी ताजी हवा किती मिळते आहे, एवढंच हा आकडा सांगतो.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. तळघरातल्या पार्किंगच्या डक्टमध्ये लागतो तो कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर. तो वायू गाड्यांच्या धुरातून येतो आणि जीव घेतो. नावातल्या साम्यामुळे निविदेत, खरेदीत आणि गोदामात या दोन्हींची अदलाबदल होऊ शकते. कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरला मोनॉक्साइड दिसत नाही. खोका उघडताना मॉडेलची पाटी वाचाच.

जागा

सेन्सर रिटर्न डक्टमध्ये बसवायचा : माणसं बसलेल्या जागेतून परत येणारी हवा जिथे गोळा झालेली असते, पण तिच्यात बाहेरची ताजी हवा अजून मिसळलेली नसते, अशा ठिकाणी. त्याच्या पुढे, म्हणजे मिक्सिंग बॉक्समध्ये किंवा फिल्टरनंतर बसवला, तर तो पातळ झालेली हवा मोजतो आणि आकडा नेहमीच कमी येतो.

कागदावर हे सोपं वाटतं. आपल्याकडच्या अनेक कार्यालयांत मात्र रिटर्न डक्टच नसतो. हवा फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीतून सरकत येते आणि भिंतीतल्या मोठ्या ग्रिलमधून एएचयू रूममध्ये शिरते. ती खोलीच मिक्सिंग बॉक्स असते, कारण बाहेरच्या भिंतीत ताज्या हवेचा लूव्हर असतो आणि दोन्ही हवा खोलीतच एकत्र होतात. अशा खोलीत एएचयूच्या तोंडाशी, हाताला सोयीचा म्हणून, सेन्सर लावलेला आढळतो. दुपारी लूव्हरवर वारा आला की आकडा पडतो, दार उघडं राहिलं की पडतो, आणि सभागृहात काय चाललं आहे याचा त्याच्याशी फारसा संबंध उरत नाही. अशा इमारतीत सेन्सर रिटर्नच्या ग्रिलपाशी, पोकळीच्या बाजूला सरकवा, किंवा ग्रिलला पत्र्याची छोटी गळपट्टी करून घेऊन तिच्यात बसवा. पत्र्याच्या कामाचा तेवढा खर्च करायला हरकत नाही.

डक्ट असेल तर सरळ तुकडा शोधा. कोपर, फांदी किंवा डँपर यांच्यापासून डक्टच्या रुंदीच्या निदान तिप्पट अंतर राखावं, म्हणजे दोन फांद्यांची हवा एकजीव झालेली असते. आडव्या डक्टमध्ये प्रोब बाजूनं किंवा वरून घाला. खालून कधीच नको, तिथे ओल आणि धूळ साचते. आणि शिडी लावून माणूस तिथवर पोहोचेल, झाकण उघडून दोन्ही हातांनी काम करू शकेल, हे आधी पाहा. सीलिंगच्या वर, पाण्याच्या पाइपामागे अडकलेल्या सेन्सरची तपासणी पुढे कुणीच करत नाही.

आता सगळ्यात मोठी मर्यादा. डक्टमधला सेन्सर सरासरी सांगतो. एका एएचयूवर चार सारख्या खोल्या आहेत, तीन खोल्यांत ६०० आणि चौथीत, जिथे बैठक भरली आहे, १६०० पीपीएम, तर डक्टमध्ये दिसेल ८५०. कंट्रोलर समाधानी आणि बैठकीतली माणसं गुदमरलेली. म्हणून डक्टमधला सेन्सर एकाच मोठ्या जागेसाठी ठेवावा : सभागृह, चित्रपटगृह, वाचनालय, एकसलग कार्यालयीन मजला. बैठकीच्या खोल्या, वर्ग, डॉक्टरांच्या प्रतीक्षा-खोल्या यांना भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला वेगळा सेन्सर हवा. विक्रेता एका डक्ट सेन्सरवर सगळं भागेल असं म्हणाला, तर हे चार खोल्यांचं गणित त्याच्यासमोर ठेवा.

दुसरी मर्यादा सीलिंगमधल्या सप्लाय डिफ्यूजर आणि रिटर्न ग्रिल यांच्या अंतराची. दोन्ही शेजारी असतील तर थंड हवा खाली न उतरता थेट परत ओढली जाते, आणि सेन्सरला खालच्या हवेपेक्षा स्वच्छ हवा मिळते. गर्दीच्या वेळी हातातलं मीटर घेऊन खुर्चीवर बसून वाचन घ्या आणि डक्टमधल्या वाचनाशी ताडून पाहा. फरक मोठा असेल तर दोष सेन्सरचा नाही, हवेच्या वाटपाचा आहे. तो आधी दुरुस्त करा.

भोक पाडण्यापासून झाकण लावण्यापर्यंत

एएचयू बंद करा, आयसोलेटर खाली घ्या, त्यावर कुलूप आणि पाटी लावा. चालू पंख्याच्या डक्टला ड्रिल लावू नका : पत्र्याचा बुरा उडत जाऊन फिल्टरवर, कॉइलवर किंवा पंख्यात पोहोचतो. आत काय आहे याची खात्री इन्स्पेक्शन डोअरमधून बॅटरी मारून करून घ्या. हीटर, फायर डँपरचा दांडा किंवा आतून लावलेलं ध्वनिरोधक अस्तर तिथे असू शकतं.

बाहेरून नायट्राइल रबर किंवा ग्लास वूलचं इन्सुलेशन असेल तर चौकोन नीट कापून काढा, ओरबाडू नका. सेन्सरबरोबर आलेला कागदी साचा पत्र्यावर चिकटवून खुणा करा. मुख्य भोक होल सॉनं, सांगितलेल्या मापाचंच. कड कानसून गुळगुळीत करा आणि बुरा ओल्या फडक्यानं किंवा चुंबकानं उचलून घ्या. प्रोबचं टोक डक्टच्या रुंदीच्या निदान एक तृतीयांश आत पोहोचायला हवं. कडेला हवेचा वेग कमी असतो.

बऱ्याच प्रोबांच्या नळीला दोन भोकं किंवा खाचा असतात. वाऱ्याकडे तोंड असलेल्या भोकातून हवा आत शिरते, सेन्सरवरून फिरते आणि मागच्या भोकातून बाहेर पडते. झाकणावर किंवा फ्लँजवर बाण असतो तो यासाठी. बाण उलटा किंवा आडवा बसला तर हवेची ये-जा मंदावते, आणि सभा संपली तरी आकडा खाली यायला वेळ लावतो.

फ्लँजखालचं गॅस्केट विसरू नका. या पायरीवर थोडं थांबतो, कारण डक्ट सेन्सरचं वाचन सर्वाधिक बिघडतं ते इथे. रिटर्न डक्टमध्ये पंख्याच्या ओढीमुळे बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. जिथे फट मिळेल तिथून हवा आत ओढली जाते. सेन्सरची पेटी प्रोबच्या नळीतून डक्टशी जोडलेली असते, म्हणून पेटीचं झाकण सैल असलं, केबलचा ग्लँड मोठा पडला किंवा कंड्युटचं तोंड उघडं राहिलं, तर एएचयू रूमची हवा कंड्युटमधून पेटीत, पेटीतून सेन्सरवर आणि तिथून डक्टमध्ये जाते. सेन्सर मग डक्टची नाही, कंड्युटची हवा मोजतो. उपाय स्वस्त आहे : केबलच्या जाडीचाच ग्लँड घ्या, कंड्युटचं तोंड सीलंट पुट्टीनं बंद करा, झाकणाचे सगळे स्क्रू आवळा. मग सभागृहात माणसं आणि पंखा चालू असताना वाचन नोंदवा, झाकणाच्या फटीवर आणि ग्लँडवर तात्पुरती टेप गुंडाळा, दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. आकडा एकदम चढला, तर गळती होती.

सेन्सरच्या पुढे, वाऱ्याच्या दिशेनं थोड्या अंतरावर, हातातल्या मीटरची नळी जाईल एवढं आणखी एक छोटं भोक पाडून त्याला रबरी बूच लावून ठेवा. पुढची अनेक वर्षं पडताळणी या भोकातून होईल. शेवटी इन्सुलेशनचा तुकडा परत बसवून सांधे अ‍ॅल्युमिनियम टेपनं बंद करा. कोकणात आणि मुंबईत हे सांधे उघडे राहिले तर जूनमध्ये तिथे घाम धरतो आणि पाणी सीलिंगवर टपकतं.

तारा

बहुतेक सेन्सर २४ व्होल्टवर चालतात आणि ०–१० व्होल्ट, ४–२० मिलिअँपिअर किंवा आरएस-४८५ वरचा मॉडबस यांपैकी एक सिग्नल देतात. पर्याय असेल तर मी ४–२० घेईन. कारण असं : ०–१० व्होल्टची तार तुटली तर कंट्रोलरला शून्य व्होल्ट दिसतात, तो त्याचा अर्थ शून्य पीपीएम असा लावतो, हवा उत्तम आहे असं समजून ताज्या हवेचा डँपर बंद करतो. ४–२० मध्ये तार तुटली की प्रवाह चारच्या खाली जातो आणि बिघाड ओळखता येतो. ०–१० च घ्यावा लागला, तर बीएमएसमध्ये, म्हणजे इमारतीच्या नियंत्रण प्रणालीत, एक अट घालून घ्या : वाचन ३५० च्या खाली गेलं तर तो बिघाड समजायचा, डँपर मूळ आराखड्यातल्या स्थितीत उघडायचा आणि अलार्म द्यायचा.

सिग्नलची केबल पीळ दिलेली आणि शील्ड असलेली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलेलं. पंख्याचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमधून ती नेऊ नका. एकाच २४ व्होल्ट एसी ट्रान्सफॉर्मरवर हाफ-वेव्ह आणि फुल-वेव्ह अशी दोन्ही प्रकारची उपकरणं जोडली आणि त्यांचा कॉमन एकत्र केला, तर शॉर्ट होऊन ट्रान्सफॉर्मर किंवा सेन्सर जळू शकतो. सेन्सरचं माहितीपत्रक आणि डँपर मोटरचं माहितीपत्रक शेजारी ठेवून हे तपासा.

उंची आणि आपोआप होणारं कॅलिब्रेशन

हे सेन्सर अवरक्त प्रकाश वापरतात. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. जितके रेणू वाटेत येतील तितका प्रकाश कमी पोहोचतो. म्हणजे सेन्सर मुळात रेणू मोजतो, आणि हवेचा दाब कमी झाला की तेवढ्याच जागेत रेणूही कमी होतात. समुद्रसपाटीसाठी लावलेला सेन्सर पुण्यात, ५६० मीटर उंचीवर, साधारण सहा टक्के कमी दाखवतो, आणि महाबळेश्वरला १३५० मीटरवर पंधरा टक्क्यांच्या आसपास. खरे १००० तिथे ८५० दिसतात. सेन्सरमध्ये उंची किंवा दाब भरण्याची सोय असते, ती वापरा. डक्टमधला पंख्याचा दाब मात्र इतका किरकोळ असतो, की त्यासाठी दुरुस्ती लागत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बहुतेक सेन्सरमध्ये स्वतःला आपोआप सुधारून घेण्याची सोय असते. साधारण आठवडाभरातलं सगळ्यात कमी वाचन म्हणजे बाहेरची ताजी हवा, असं तो धरतो आणि ते ४०० ला आणून टेकवतो. रात्री आणि रविवारी रिकाम्या असणाऱ्या कार्यालयात हे चालतं. पण तीन पाळ्यांत चालणारं कॉल सेंटर, रुग्णालयाचा विभाग किंवा वसतिगृह, म्हणजे जिथे माणसं कधीच पूर्ण जात नाहीत, तिथे सगळ्यात कमी वाचनच ६५० असेल. सेन्सर त्याला ४०० समजेल, आणि पुढे खरे १००० असताना ७५० दाखवेल. अशा ठिकाणी ही सोय बंद ठेवा आणि दोन तरंगलांबींवर मोजणारा सेन्सर घ्या. तो दुसऱ्या तरंगलांबीशी तुलना करून आपलं झिजणं स्वतः ओळखतो. आणि जिथे इमारत रिकामी होते, तिथेही पंखा बंद असताना डक्टमधली हवा साचलेलीच असते. म्हणून सकाळी माणसं येण्याआधी अर्धा तास एएचयू ताज्या हवेचा डँपर पूर्ण उघडून चालवा. सभागृहही धुऊन निघतं आणि सेन्सरलाही खरी बाहेरची हवा मिळते.

पडताळणी आणि नियंत्रण

प्रोबवर फुंकर मारली की आकडा काही हजारांवर जातो. यातून तार आणि स्केल ठीक आहे एवढंच कळतं, अचूकता नाही. कंट्रोलरमध्ये सेन्सरचीच श्रेणी भरली आहे का ते इथेच पाहा. सेन्सर ०–२००० चा आणि बीएमएसमध्ये ०–५००० अशी गफलत झाली, तर ८०० चे २००० दिसतात. अचूकतेसाठी कॅलिब्रेशन केलेलं मीटर बुचाच्या भोकात घालून, पंखा पंधरा मिनिटं चालल्यावर, रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही वेळांची वाचनं ताडा. चांगल्या सेन्सरचीही चूक ५० पीपीएम अधिक वाचनाच्या तीन टक्के इतकी असू शकते, म्हणून हजारावर ८० चा फरक चालतो. २०० चा चालत नाही.

त्याच मीटरनं आणखी एक मोजणी करून ठेवा. रिटर्नमध्ये ९००, सप्लायमध्ये ७८० आणि बाहेर ४२० आलं, तर ९०० आणि ७८० मधला फरक १२०, त्याला ४८० नं भागा : सप्लायमधली २५ टक्के हवा ताजी आहे. तिन्ही वाचनं एकाच मीटरनं घ्या, म्हणजे त्याची चूक वजाबाकीत बरीचशी निघून जाते. या एका मोजणीत कळतं की ताज्या हवेचा डँपर खरंच उघडा आहे, की कुणीतरी बिल वाचवायला तो स्क्रू मारून बंद केला आहे. तो मोह मी समजू शकतो. पावसाळ्यात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची दर सेकंदाला १०० लिटर हवा आत घेतली, तर ती थंड आणि कोरडी करायला एक टनाहून थोडी जास्त क्षमता लागते. सेन्सरचा उपयोगच इथे आहे : सभागृह अर्धं भरलेलं असताना अर्धीच हवा घ्यावी आणि पूर्ण भरल्यावर पूर्ण. बंद डँपरला मात्र कुठलंच समर्थन नाही.

नियंत्रण सौम्य ठेवा. ६०० पीपीएमला डँपर किमान स्थितीत, १००० ला आराखड्यातल्या पूर्ण स्थितीत, मधे सरळ रेषेत. किमान स्थिती शून्य कधीच नसावी. रंग, फर्निचर, गालिचे, सफाईची द्रव्यं यांचे वायू माणसं नसतानाही निघत असतात आणि त्यांचा या सेन्सरला पत्ता लागत नाही. एएचयू सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं वाचनाकडे दुर्लक्ष करून डँपर ठरलेल्या स्थितीत ठेवा. इमारत रहदारीच्या रस्त्याला किंवा बांधकामाला लागून असेल, तर ताज्या हवेच्या तोंडाशी वेगळं फिल्टर घाला, नाहीतर एक त्रास घालवून दुसरा ओढवून घ्याल.

काम संपल्यावर सेन्सरच्या पेटीवर न पुसणाऱ्या शाईनं लिहून ठेवा : बसवल्याची तारीख, भरलेली उंची, आपोआप कॅलिब्रेशन चालू की बंद, आउटपुटची श्रेणी, आणि मीटरशी ताडलेली दोन वाचनं. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी एसीची सर्व्हिसिंग होते तेव्हा, प्रोबच्या तोंडावरचं छोटं फिल्टर साफ करा किंवा बदला, ग्लँड आणि झाकण तपासा, बुचाच्या भोकातून पुन्हा वाचन घ्या आणि ते त्याच पेटीवर खाली लिहा. दोन-तीन वर्षांच्या नोंदी एकाखाली एक आल्या, की सेन्सर कोणत्या बाजूला सरकतो आहे आणि तो कधी बदलायचा, हे तिथेच दिसेल.